अर्ध्या अंशात हरवणारा आवाज

आकाशवाणीवरून टेप केलेलं नाट्यसंगीत, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. कितीतरी मराठी घरांत हे आवाज फक्त कॅसेटवर उरले आहेत, दुसरी प्रत कुठेच नाही. त्या कॅसेट संगणकात उतरवून घ्यायच्या म्हटलं की पहिली चौकशी होते ती सॉफ्टवेअरची. खरं तर तो यातला सर्वांत सोपा भाग. आवाजाचं बरंवाईट व्हायचं ते बहुतांशी टेपच्या हेडपाशीच होऊन जातं, आणि तिथे जे निसटलं ते नंतर कुठलाही प्रोग्रॅम परत आणू शकत नाही.

फिलिप्सनं १९६३ मध्ये आणलेल्या या कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर एवढ्या संथ गतीनं सरकते. टाळांची किणकिण किंवा ‘स’चा सुस्कारा यांत १० किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भरपूर असतात. अशी एक लहर फितीवर उमटते ती ४.७६ मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही कमी जागेत. ती वाचणारी हेडमधली फट फितीशी नेमकी काटकोनात उभी असावी लागते. स्टिरिओ कॅसेटचा एक ट्रॅक साधारण ०.६ मिलिमीटर रुंद. हेड अर्धा अंश जरी कललं, तरी ट्रॅकच्या वरच्या आणि खालच्या कडेच्या वाचनात एका लहरीहून जास्त अंतर पडतं. मग उंचवटे आणि खळगे एकमेकांना खोडून काढतात आणि १० किलोहर्ट्झचा आवाज जवळजवळ पुसला जातो. ‘कॅसेट जुनी झाली, आवाज कोंडल्यासारखा येतो’ ही तक्रार पुष्कळदा याच अर्ध्या अंशाची असते. फितीवर आवाज शाबूत असतो, आपलं यंत्र तो वाचत नसतं.

शिवाय हेडचा कोन जुळायला हवा तो ज्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण झालं त्याच्याशी. त्याचं हेड तिरकं असेल, तर आपलंही तितकंच तिरकं करावं लागतं. म्हणून प्रत्येक कॅसेटसाठी ही जुळणी नव्यानं करणं मला अत्यावश्यक वाटतं. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक स्क्रू असतो. बऱ्याच डेकमध्ये कॅसेट वाजत असताना तो छोट्या भोकातून दिसतो. त्याची मूळ जागा लक्षात ठेवावी, दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकावं आणि बारीक पेचकसानं स्क्रू अगदी किंचित फिरवावा. एका जागी टाळ एकदम लख्ख होतात, शब्दांना धार येते. थोडं पुढे गेलं की पुन्हा मंदावतात. लख्ख होतात तिथे थांबायचं.

त्याआधी हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्यावं. कापसावर तपकिरी डाग येतो तो फितीचाच सुटलेला थर. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाणार नाही. डॉल्बीचं बटण मात्र मूळ मुद्रण डॉल्बीवर झालं असेल तरच लावावं. खरखर कमी करण्यासाठी ते लावलं तर वरचे स्वरही दबतात.

आता डेक लॅपटॉपला जोडायचा. लॅपटॉपचं छिद्र बहुधा माइकचं असतं. त्याला काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते आणि डेकमधून येतात सुमारे ०.३ व्होल्ट. आवाज फाटणारच. लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. सतत घुंऽऽऽ ऐकू आलं तर चार्जर काढून पाहावा, पुष्कळदा ती ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण असते. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठी तानही मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आत राहील. शून्याला टेकलेल्या लहरीचा माथा छाटला जातो. २४ बिटवर एवढी जागा सोडल्यानं काही बिघडत नाही. कॅसेटचा आवाका ५०-६० डेसिबलचा, तर साध्या १६ बिटचाही सुमारे ९६ डेसिबलचा.

एक गोष्ट मात्र शोधून बंद करावी: संगणकातलं आपोआप आवाज ‘सुधारणारं’ सेटिंग. ते केलेलं असतं माणसाच्या बोलण्यासाठी. जो आवाज एकसारखा चालू राहतो, त्याला ते गोंगाट समजतं. आपल्या संगीतात एकसारखा चालू राहतो तो तंबोरा. गायक थांबला की तंबोराही विरत जातो आणि मैफलीचा सूरच नाहीसा होतो.

खरखर काढायचीच असेल तर ती दुसऱ्या प्रतीवरून काढावी. ‘आयासा’ या ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवले आहेत. त्या हिशेबानं साठ मिनिटांची कॅसेट वेव्ह फाइलमध्ये साधारण एक जीबी होते. नातेवाइकांना पाठवायला एमपी-थ्री ठीक, पण मूळ फाइल हात न लावता दोन ठिकाणी ठेवावी. कॅसेटही फेकू नये. उद्या याहून चांगला डेक हाती आला, तर तीच पुन्हा उतरवता येईल.