स्थूलता आणि यकृत : न दुखणारे दुखणे

‘डॉक्टरसाहेब, यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही, मग यकृत खराब झालेच कसे?’ बाह्यरुग्ण विभागात रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारतात. त्यात आश्चर्य असते, तसाच ‘लोक काय म्हणतील’ हा संकोचही असतो. त्याचे उत्तर येथे देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गरजेपेक्षा अधिक घेतलेला आहार शरीर मेदाच्या रूपाने साठवते. त्वचेखालील जागा अपुरी पडू लागली की हा मेद पोटातील अवयवांभोवती आणि प्रत्यक्ष यकृताच्या पेशींत साठतो. यालाच ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. काही रुग्णांत पुढे यकृताला सूज येते, व्रणतंतू वाढतात आणि अखेरीस यकृत कठीण होते, हाच सिरोसिस. ही वाटचाल बहुधा अनेक वर्षांची असते व त्या काळात रुग्णास सहसा काहीच जाणवत नाही. पोटातील मेदाच्या दाबाने आम्ल अन्ननलिकेत चढणे व पित्ताशयात खडे होणे, हे विकारही स्थूलतेसोबत वाढतात.

‘आम्ही कुठे लठ्ठ आहोत?’ असे म्हणून निश्चिंत राहणे मात्र योग्य नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला. भारतीयांची ही ठेवण लक्षात घेता केवळ वजनावर न विसंबता कंबरेचा घेरही मोजावा. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही त्याची मर्यादा होय.

दिलासा असा की, सिरोसिसपूर्वी हा आजार बऱ्याच अंशी मागे फिरविता येतो. वजन ७ ते १० टक्क्यांनी, म्हणजे ८० किलोच्या व्यक्तीने सुमारे ६ ते ८ किलोंनी, उतरविल्यास यकृताची सूज कमी होते. त्यासाठी साखर, तळण व बैठेपणा कमी करावा. उपासमार मात्र करू नये. वजन झपाट्याने घटल्यासही पित्ताचे खडे होतात.

२०२१ साली केंद्र शासनाने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला. यकृतप्रत्यारोपणाचा खर्च सामान्य कुटुंबास पेलणारा नाही. वेळेवर केलेली सोनोग्राफी, रक्ततपासणी व आहारसल्ला पेलणारा आहे. या तपासणीचा फलक भिंतीवर लागत नाही. तरीही दात्यांच्या साहाय्याचा काही वाटा तिच्याकडे वळावा, अशी आमची नम्र विनंती आहे.