हाताची विद्या : मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची हकीकत



वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्याकडे एक गाऱ्हाणें हटकून येतें. गेल्या वर्षीं एक सुतारकाम करणारे गृहस्थ आपल्या मुलाची गणिताची वही घेऊन आले. वहीच्या मागच्या पानांवर बैल, आजीचा चेहरा, देवळाचें शिखर, बैलगाडीचें चाक असें पुष्कळ कांहीं काढलेलें होतें. "मास्तर, याचें हें वेड मोडा. चित्रें काढून कोणाचें पोट भरलें आहे?" असें ते म्हणाले. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. ज्यास घर चालवावयाचें आहे त्यानें हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मात्र त्याचें उत्तर दोन शब्दांत देण्यापेक्षां एका शाळेची हकीकत सांगून द्यावें असें आम्हांस वाटतें. कारण कारागिराच्या पोटाचा प्रश्न मनांत ठेवूनच ती शाळा निघाली होती.

मुंबईस ज्या स्टेशनास जुने लोक बोरीबंदर म्हणतात व ज्याचें आजचें नांव छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस असें आहे, त्याच्या जवळच दादाभाई नौरोजी मार्गावर, झाडांच्या सावलींत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही संस्था आहे. रोज लाखों माणसें तिच्यावरून जातात. त्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल कीं, ही शाळा मुंबई विद्यापीठाहूनहि कांहीं महिन्यांनीं वडील आहे. विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली. या शाळेचे वर्ग त्याच वर्षीं २ मार्च रोजीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या इमारतींत सुरू झाले होते.

तिचे संस्थापक सर जमशेटजी जिजीभाई यांचा जन्म सन १७८३ मध्यें झाला. ऐन उमेदीच्या आरंभींच त्यांचें आईबापांचें छत्र हरपलें. पुढें चीनशीं व्यापार करून त्यांनीं अमाप द्रव्य मिळविलें. त्या व्यापारांत कापूस होता तशी अफूहि होती. हें लपविण्यांत अर्थ नाहीं, व त्या अफूनें चीन देशाचें किती नुकसान केलें हेंहि इतिहास सांगतो. परंतु हेंहि खरें कीं, मिळालेल्या द्रव्याचा मोठा वांटा त्यांनीं लोकांच्या उपयोगास लाविला. मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगींतून उभें राहिलें, आणि वांद्रें व माहीम जोडणाऱ्या पुलाचा खर्च त्यांच्या पत्नी आवाबाई यांनीं दिला. सन १८५३ मध्यें जमशेटजींनीं कला व उद्योग शिकविणारी शाळा काढण्यासाठीं एक लक्ष रुपये देऊं केले.

हा विचार त्या वेळीं कां सुचावा? सन १८५१ मध्यें लंडन शहरीं मोठें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. तेथें आपल्या देशांतील विणकर, सोनार, सुतार यांचें काम पाहून युरोपांतील जाणते लोक थक्क झाले. इकडे मात्र यंत्राचा स्वस्त माल बाजारांत येऊन त्याच कारागिरांचे धंदे बसूं लागले होते. कारागिराच्या हातास शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळाली तर तो टिकेल, अशी या शाळेमागील आशा होती. संस्थापक सन १८५९ मध्यें निवर्तले. वृक्ष वाढलेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

आरंभीचें शिक्षण सर्वस्वीं विलायती धाटणीचें होतें. ग्रीक व रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवावयाचे व त्यांच्या छायाप्रकाशाचा हुबेहूब अभ्यास करावयाचा, अशी रीत होती. सन १८६५ मध्यें इंग्लंडाहून नवे शिक्षक आले. जॉन लॉकवुड किप्लिंग यांच्याकडे मूर्तिकाम व इमारतीवरील शिल्पकाम आलें, आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे सजावटीचें चित्रकाम. धातूच्या नक्षीकामासहि स्वतंत्र शिक्षक मिळाला. त्याच वर्षीं ३० डिसेंबर रोजीं किप्लिंग यांस मुंबईंत पुत्र झाला. मोगलीच्या गोष्टी लिहिणारा रड्यार्ड किप्लिंग तो हाच.

या शिक्षकांनीं विद्यार्थ्यांस वर्गाच्या चार भिंतींत कोंडून ठेविलें नाहीं. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, हिच्या दारांवरील उठावाचीं शिल्पें लॉकवुड किप्लिंग यांच्या हातचीं आहेत. पुढें सन १८७८ पासून दहा वर्षें बोरीबंदरची भव्य इमारत बांधली जात होती, तेव्हां तिच्यावरील कोरीव काम व जाळ्या यांत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. तुम्ही मुंबईस गेलां तर गाडी पकडण्याच्या घाईंतहि क्षणभर थांबून वर पाहा. खांबांच्या माथ्यांवर पानें, पक्षी व प्राणी दिसतील. पोटापाण्याच्या धंद्यासाठीं शिकूं आलेल्या मुलांचें तें काम आहे, आणि सन २००४ मध्यें ती इमारत जागतिक वारसा म्हणून मान्य झाली.

आतां या हकीकतींतील सर्वांत महत्त्वाचा भाग आम्ही सांगतों. सन १८७२ पासून सन १८८५ पर्यंत ग्रिफिथ्ससाहेब आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास जात राहिले. लेण्यांतील भिंतींवरचीं चित्रें झिजत चाललीं होतीं. तीं नाहींशीं होण्यापूर्वीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या असा हेतु होता. हें काम पूर्वीं रॉबर्ट गिल नांवाच्या अधिकाऱ्यानें अनेक वर्षें खपून केलें होतें. परंतु त्याच्या बहुतेक नकला सन १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. म्हणून पुनः आरंभ करावा लागला. पेस्तनजी बोमनजी व त्यांचे सहाध्यायी यांनीं अंधाऱ्या लेण्यांत हंगामामागून हंगाम बसून पद्मपाणीची मान कशी झुकली आहे, हत्तीच्या सोंडेची रेषा कशी वळली आहे, हें अचूक टिपलें. आणि दैव कसें पाहा! सन १८८५ मध्यें लंडनमध्येंच पुनः आग लागून यांतल्याहि पुष्कळ नकला भस्म झाल्या. वांचलेल्या साहित्यावरून ग्रिफिथ्स यांनीं सन १८९६–९७ मध्यें दोन मोठे ग्रंथ छापले.

नकला जळाल्या, तरी ते श्रम फुकट गेले असें आम्हांस वाटत नाहीं. जी शाळा रोमच्या पुतळ्यांस गुरु मानीत होती तिच्या मुलांस प्रथमच दिसलें कीं, आपल्याच डोंगरांत, आपल्याच पूर्वजांनीं, शेंकडों वर्षांपूर्वीं असें काम करून ठेविलें आहे. शिकविण्यास आलेले शिक्षकहि तेथें विद्यार्थी झाले. कागदावरची नकल आगींत जाते. डोळ्यास व हातास लागलेलें वळण जात नाहीं.

त्या वळणाचीं फळें लवकरच दिसूं लागलीं. सन १८९६ मध्यें गणपतराव म्हात्रे या तरुणानें पूजेस निघालेल्या मराठी स्त्रीचा 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा घडविला. कौशल्य विलायती पद्धतीचें, पण लुगड्याची चूण व चालण्याची ढब आपल्या घरची. कोल्हापुराहून सन १८९० मध्यें आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर तेथेंच शिकले, तेथेंच शिक्षक झाले, आणि सन १९३० मध्यें कांहीं काळ शाळेचें संचालकपदहि त्यांनीं सांभाळलें. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सन १८८५ मध्यें या शाळेंत दाखल झाले होते. सन १९१३ मध्यें त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आणला. आमच्या ख्रिस्ती समाजांतील गोमंतकीय चित्रकार अंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनींहि येथें शिकून पुढें येथेंच अध्यापन केलें, आणि त्यांची कन्या अँजेला हिनें ख्रिस्तचरित्रांतील प्रसंग भारतीय वेषांत व भारतीय शैलींत रंगविले.

विसाव्या शतकांत शाळेच्या शाखा वाढल्या. सन १८९३ मध्यें चित्रकलाशिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला होता. सन १८९६ मध्यें नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग निघाला, व त्यांतून वास्तुशास्त्राचें शिक्षण वाढीस लागलें. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दींत विद्यार्थ्यांनीं भित्तिचित्रें काढलीं; सन १९२४ च्या वेंब्ली येथील प्रदर्शनांत व पुढें नव्या दिल्लींतील सचिवालयांत त्यांचें काम गेलें. सन १९३५ मध्यें जाहिराती, वेष्टनें, पुस्तकांचीं मुखपृष्ठें यांची कला शिकविणारा विभाग सुरू झाला. सन १९५८ मध्यें वास्तुकला व उपयोजित कला या दोन शाखा स्वतंत्र संस्था झाल्या, आणि सन २०२३ मध्यें या संस्थांस मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

संस्था मोठी म्हणून तिच्या चुका झांकूं नयेत. देशी कारागिराची रीत कमी प्रतीची, असा समज तेथें दीर्घ काळ होता. सन १९४५ मध्यें फ्रान्सिस न्यूटन सूझा या गोमंतकीय विद्यार्थ्यास राष्ट्रीय चळवळींतील सहभागामुळें शाळेंतून काढून टाकण्यांत आलें. दोनच वर्षांनीं त्यानें रझा, हुसेन, आरा आदि मित्रांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला, व त्या मंडळींचीं चित्रें पुढें जगभर गेलीं. गुरूंनीं दार लावलें तरी विद्या थांबत नाहीं, हा धडा आम्हां शिक्षकांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चित्रें काढून पोट भरतें काय? वरील हकीकतीवरून पालकांस दिसून येईल कीं, भरतें. मात्र त्यासाठीं तपश्चर्या लागते. घराचा आराखडा, कापडावरची नक्षी, पुस्तकाचें मुखपृष्ठ, चित्रपटांतील देखावा, खुर्चीचा घाट, हीं सर्व रेखाटनापासूनच निघतात. आमच्या शाळेंतील मुलें एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसतात, ती याच वाटेवरची पहिली पायरी होय. प्रत्येक मुलगा चित्रकार होणार नाहीं, व तसें व्हावें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु जो नीट रेखाटावयास शिकला तो नीट पाहावयास शिकला. आणि नीट पाहणें डॉक्टरास, शेतकऱ्यास, यंत्र जुळविणाऱ्यास, सर्वांसच लागतें.

विद्यार्थ्यांसहि दोन शब्द. अजिंठ्याच्या अंधारांत बसलेलीं तीं मुलें आठवा. केवळ हौस म्हणजे कला नव्हे. एक रेषा साधेपर्यंत शंभर वेळां काढण्याची तयारी असेल तरच या वाटेस लागा. आणि गणिताच्या तासाला गणितच करा!

पवित्र शास्त्रांत निवासमंडप उभारण्याची कथा आहे. त्या कामासाठीं परमेश्वरानें बसालेल नांवाच्या कारागिरास नांव घेऊन बोलाविलें, आणि सोनें, रुपें, पितळ, लांकूड यांत काम करण्याचें कसब त्यास आपल्या आत्म्यानें दिलें. आमच्या हिंदु बांधवांच्या घरीं विश्वकर्म्यास वंदन होतें तें याच भावनेनें. ज्या देणगीस धर्म इतका मान देतो, तिला आपण घरांत वेड म्हणावें काय?

त्या दिवशीं आम्हीं त्या सुतारबंधूंस वहींतील चाकाचें चित्र पुढें करून म्हटलें, "तुमचा धंदा आहे, तुम्हीच परीक्षा करा." त्यांनीं बोट ठेवून एकेक आरा मोजला, तुंबा पाहिला, धांव पाहिली. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग वही मिटून म्हणाले, "आरे बरोबर बसविलेत पोरानें." यंदा तो मुलगा एलिमेंटरीच्या परीक्षेस बसत आहे, आणि त्याची फी वडिलांनीं स्वतः येऊन भरली आहे.