मुक्या प्राण्याची वेदना

मज्जातंतू दुखावलेल्या रुग्णाला कित्येकदा वस्त्राचा स्पर्शही असह्य होतो. त्यावरील औषध प्रथम पारखावयाचे ते उंदरावर. पण त्याची व्यथा मोजावयाची कशी? १९८८ मध्ये बेनेट व शिए यांनी गुंगी दिलेल्या उंदराच्या मांडीतील मोठ्या मज्जातंतूभोवती चार सैल गाठी बांधल्या. काही दिवसांतच तो पाय हळवा झाला. अशा प्रयोगांत कमीअधिक जाडीचे तंतू तळपायास टेकवून, किती दाबाला पाय उचलला ते ग्रॅममध्ये नोंदवितात. ही युक्ती १८९६ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ फॉन फ्राय यांनी घोड्याच्या केसांनी साधली होती. परंतु पाय प्रतिक्षिप्त क्रियेनेही उचलला जातो. तेवढ्यावरून दुःख मोजले म्हणणे धाडसाचेच. २०१० मध्ये माँट्रिअल येथे मिटलेले डोळे व फुगलेले गाल पाहून वेदना जोखण्यात आली. मज्जातंतूच्या दुखापतीत मात्र उंदरांचा चेहरा बदललाच नाही.