पदवीवरचा शिक्का कुणाचा?

मुलांनो, घरात ताईचं, काकांचं किंवा आईचं पदवीचं प्रमाणपत्र असेल, तर ते एकदा मागून घ्या आणि नीट बघा. (हात स्वच्छ धुऊन, बरं का!) ताई ज्या कॉलेजात शिकली, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण प्रमाणपत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत नाव आहे ते विद्यापीठाचं. खाली सही आहे कुलगुरूंची. शिकवलं एकानं आणि पदवी दिली दुसऱ्यानं, असं का बरं?

'विद्यापीठ म्हणजे काय?' असं वर्गात विचारलं की हमखास उत्तर येतं, 'मोठ्ठं कॉलेज!' पण आपल्या देशातली पहिली विद्यापीठं सुरू झाली, तेव्हा तिथे शिकवणं असं नव्हतंच. गंमत आहे ना? चला, ती गोष्ट ऐकू या.

१८५७ हे साल तुम्ही इतिहासात उठावाचं साल म्हणून पाठ केलं आहे. त्याच वर्षी २४ जानेवारीला कलकत्ता, १८ जुलैला मुंबई आणि ५ सप्टेंबरला मद्रास अशी तीन विद्यापीठं स्थापन झाली. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यात तशी शिफारस होती. नमुना ठेवला होता लंडन विद्यापीठाचा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज आधीपासून होतं, पुण्यातही कॉलेज होतं. मग विद्यापीठाचं काम काय? परीक्षा घ्यायची आणि पास होईल त्याला पदवी द्यायची.

आता बाजारातला तराजू आठवा. प्रत्येक दुकानदारानं आपलंच किलोचं माप केलं तर? कुणाचा किलो नऊशे ग्रॅमचा निघेल! म्हणून वजनांवर सरकारी शिक्का लागतो. विद्यापीठ हा पदवीवरचा असाच शिक्का होता. कराचीच्या कॉलेजातला मुलगा असो की धारवाडच्या, पेपर मुंबई विद्यापीठाचा आणि मापही एकच.

१८६२ साली या मापाला मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. उतरले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे यांतले रानडे न्यायमूर्ती झाले आणि भांडारकर संस्कृतचे जगप्रसिद्ध पंडित. त्या काळी विद्यापीठाला स्वतःची इमारतही नव्हती. पुढे प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं मोठी देणगी दिली. त्यातून ग्रंथालय आणि त्यावरचा मनोरा उभा राहिला. त्याला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलं. मुंबईला गेलात तर फोर्टातला राजाबाई टॉवर जरूर बघा. तो १८७८ साली पुरा झाला. म्हणजे आधी शिक्क्याला मान मिळाला, मग इमारत आली!

पण या मापात एक खोट होती. मुलींना दार बंद होतं. कलकत्ता विद्यापीठातून १८८३ साली चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी गांगुली पदवीधर झाल्या. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठानंही मुलींना दार उघडलं. तरी त्या दारापर्यंत पोचणाऱ्या मुली किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

म्हणून धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्याजवळच्या हिंगण्याला महिलांसाठी वेगळं विद्यापीठच काढलं. सुरुवातीला विद्यार्थिनी होत्या फक्त पाच! मागे सरकार नव्हतं, कायदा नव्हता. कर्वे गावोगाव फिरून पैसे जमवत. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव मिळालं. तेच आजचं एस.एन.डी.टी. कायद्यानं त्याला मान्यता मिळाली ती मात्र १९५१ साली. पस्तीस वर्षं मुली शिकल्या, त्यांनी पदव्याही घेतल्या, पण त्या पदवीला सरकारी शिक्क्याचं बळ नव्हतं. १९१६ सालीच बनारस हिंदू विद्यापीठ सुरू झालं. पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यासाठी देशभर वर्गणी गोळा केली. पण त्यांनी आधी, १९१५ साली, कायदा करवून घेतला होता.

बघा हं, म्हणजे खाजगी प्रयत्नातून विद्यापीठ काढणं ही काही नवी गोष्ट नाही. फरक असतो तो दोन गोष्टींत. पैसा कुठून येतो आणि शिक्का कुणाच्या जोरावर मिळतो.

१९४७ साली स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा देशात विद्यापीठं होती साधारण वीस. १९४८ साली डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजेच यू.जी.सी., आला आणि १९५६ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्यात एक फार मोलाचं कलम आहे. पदवी कोण देऊ शकतं? संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्यानं झालेलं विद्यापीठ, ज्याला तसा दर्जा दिला आहे अशी अभिमत संस्था, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कुणीही नाही!

आपल्या महाराष्ट्रात विद्यापीठं कशी जवळ जवळ येत गेली, ते नकाशा घेऊन बघा. नागपूर १९२३, पुणे १९४९, मराठवाडा १९५८, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२, अमरावती १९८३, जळगाव १९९०, सोलापूर २००४ आणि गडचिरोलीचं गोंडवाना २०११. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा तिथल्या कॉलेजांचं विद्यापीठ होतं हैदराबादला. गडचिरोलीच्या मुलांना २०११ पर्यंत विद्यापीठाच्या कामासाठी नागपूर गाठावं लागे. एका कागदासाठी एवढा प्रवास! दूरच्या गावातल्या मुलीला एकटीला तो करू देतील का? विद्यापीठ जवळ आलं की कितीतरी मुलींचं शिक्षण वाचतं. आणि ज्यांना कॉलेजात जाताच आलं नाही, त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. नोकरी करत, घर सांभाळत शिका! तुमची आईसुद्धा पदवी घेऊ शकते, बरं का.

तरी जागा पुरेनात. सरकारकडे पैसा तुटपुंजा आणि इंजिनियर व्हायचं होतं हजारोंना. म्हणून १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजं निघू लागली. तिथे पैसा होता विद्यार्थ्यांच्या फीचा, पण पदवीवरचा शिक्का विद्यापीठाचाच होता. मग पुढचं पाऊल पडलं. १९९५ साली सिक्कीममध्ये खाजगी विद्यापीठाचा कायदा झाला. आता फीही त्यांची आणि शिक्काही त्यांचा!

हे पाऊल चुकीचं होतं असं नाही. अशी चांगली विद्यापीठं देशात आहेत. पण मापावर लक्ष ठेवलं नाही तर काय होतं, ते छत्तीसगडमध्ये दिसलं. २००२ साली तिथे असा कायदा झाला की सरकारनं नुसती अधिसूचना काढली की खाजगी विद्यापीठ तयार! थोड्याच काळात अशी ११२ विद्यापीठं निघाली. कित्येकांकडे ना इमारत, ना मैदान. पदवी द्यायचा हक्क मात्र होता.

तेव्हा प्रोफेसर यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. तुमच्या आईबाबांना विचारा, ते त्यांना नक्की ओळखतील! दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट' या कार्यक्रमात मुलांच्या प्रश्नांना हसतमुखानं उत्तरं देणारे शास्त्रज्ञ ते हेच. ते यू.जी.सी.चे अध्यक्षही होते. ११ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल लागला. कायद्यातली ती तरतूद रद्द झाली आणि तिच्या आधारानं निघालेली विद्यापीठंही रद्द झाली. पण तिथे प्रवेश घेतलेल्या मुलांचं काय? त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था आधीच्या सरकारी विद्यापीठांना जोडून घेण्याची व्यवस्था करा, असं न्यायालयानं सांगितलं. तरी विचार करा, त्या घरांत ते दिवस कसे गेले असतील? फी भरलेली, वर्षं गेलेली आणि पोरांच्या विद्यापीठाचं नावच पुसलेलं!

२०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशात १,१६८ विद्यापीठं मोजली गेली. उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी होते ४ कोटी ३३ लाख, त्यांत मुली २ कोटी ७ लाख. हिंगण्याच्या त्या पाच मुली आठवा आणि हा आकडा बघा! ऊर भरून येतो की नाही?

पालकहो, आता दोन शब्द तुमच्याशी. दहावी-बारावीचा निकाल लागला की रंगीत माहितीपत्रकं घरात येऊन पडतात. चकचकीत इमारत, हिरवंगार मैदान, नोकरीची हमी. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. हे विद्यापीठ कोणत्या कायद्यानं स्थापन झालं? यू.जी.सी.च्या यादीत त्याचं नाव आहे का? शिकवणारे कायम प्राध्यापक किती? पूर्ण अभ्यासक्रमाची फी किती आणि ती लेखी देणार का? यू.जी.सी. बोगस विद्यापीठांचीही यादी जाहीर करते, तीही बघा. विचारायला लाजू नका. भाजी घेताना आपण तराजूचा काटा बघतोच ना? हा तर लेकराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

आणि मुलांनो, तुम्हाला या आठवड्याचं काम. घरातल्या किंवा शेजारच्या तीन पदवीधरांना त्यांचं विद्यापीठ विचारा. ते कधी आणि कोणत्या कायद्यानं स्थापन झालं, ते शोधा आणि वहीत लिहा. ज्यांना पदवी घेता आली नाही, अशा एका आजीलाही विचारा, 'आजी, तुझं कॉलेज किती लांब होतं गं?' तिचं उत्तरही वहीत लिहून ठेवा.