किडनी दुखत नाही, म्हणून तपासायची

आंबिवलीच्या आमच्या बचत गटात एका ताईंनी कर्ज मागितलं. शिलाई मशीनसाठी नव्हे, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायच्या रिक्षाभाड्यासाठी. दहा वर्षांची शुगर होती. पाय सुजले तेव्हा तपासलं, तोवर उशीर झाला होता. तेव्हापासून आम्ही दर बैठकीत हा विषय काढतो.

मुठीएवढ्या दोन किडन्या रात्रंदिवस रक्त गाळतात, घाण लघवीवाटे बाहेर टाकतात. शुगर आणि बीपी वाढलेलं राहिलं की ही गाळणी हळूहळू खराब होते. सुरुवातीला काहीच दुखत नाही. सूज, फेसाळ लघवी, दम लागणं बहुतेक वेळा उशिरा दिसतं.

मग करायचं काय? शुगर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करू नका. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून रोज खाऊ नका, त्यानेही किडनी बिघडते. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे छोटा चमचाभर. लोणचं, पापड, सुकट त्यातच धरा.

डायलिसिस लागलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात चौकशी करा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या.

पुढच्या बैठकीपासून हप्त्याशेजारी प्रत्येकीचं बीपीही वहीत लिहूया. १४०/९० किंवा वर असेल, तर तिला एकटीला नको, दोघींनी मिळून दवाखान्यात नेऊया.