ॲम्ब्युलन्सला फोन केला, म्हणून बिलही आपल्याच गळ्यात?

निपाणी : रात्री दोनला वडिलांच्या छातीत कळ येते. थोरला मुलगा पुण्यात, धाकटा घरात. धाकटा ओळखीच्या ड्रायव्हरला फोन लावतो, गाडी कोल्हापूर गाठते, वडील वाचतात. आठ दिवसांनी घरात विषय निघतो, गाडीचे पैसे कुणी द्यायचे? ‘फोन तू केलास ना?’ असं कुणीतरी बोलून जातं. आमच्याही घरात एकदा हे झालंय, म्हणून जरा मुळातनं बघूया.

आधी 108 चं सांगतो. कर्नाटकात ही सेवा ‘आरोग्य कवच’ नावानं 2008 पासून आहे, महाराष्ट्रात 2014 पासून. दोन्हीकडं फुकट. फोन घरच्यानं करू दे नाहीतर शेजाऱ्यानं, रुपयाही द्यायचा नाही. फक्त कोगनोळी-कागल पट्ट्यात मोबाईल कधीकधी पलीकडचा टॉवर धरतो आणि फोन दुसऱ्या राज्याच्या केंद्रात जाऊ शकतो. म्हणून पहिल्या वाक्यातच राज्य, तालुका आणि गाव सांगा.

मग खासगी गाडीला पैसे का मोजतो आपण? कारण 108 साधारणपणे जवळच्या सरकारी दवाखान्यात नेते. निपाणीकरांचा मात्र ओढा कोल्हापूरकडं. ते चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. दवाखाना आपल्या पसंतीचा हवा, की खासगी गाडी आली. ती परत रिकामी येते म्हणून भाडं बहुतेक दोन्ही बाजूंचं धरतात.

आता मुख्य प्रश्न. बी.कॉम.ला आम्ही 1872 चा करार कायदा परीक्षेपुरता पाठ केला, तो इथं उपयोगी पडतो. नुसता फोन केला म्हणून कुणी देणेकरी होत नाही. भाडं कुणी ठरवलं, कुणाच्या वतीनं ठरवलं, हे बघायचं. वडील शुद्धीवर होते आणि ‘गाडी बोलव’ म्हणाले, तर मुलगा त्यांच्या वतीनं बोलला, देणं वडिलांचं. ‘पैसे मी देतो, तू ये’ असं मुलानंच सांगितलं असेल, तर ड्रायव्हर त्याच्याकडंच मागणार आणि त्यात त्याचं चुकत नाही.

वडील बेशुद्ध असतील तर? तेव्हा कलम 70 बघायचं. एखाद्यानं दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करायचा इरादा नव्हता आणि दुसऱ्यानं त्याचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. म्हणजे ज्याच्यासाठी गाडी आली, त्याच्यावर ते देणं येऊ शकतं. पण घरच्या माणसांत गाडी अडते ती ‘फुकट’ या शब्दावर. मुलानं बापासाठी खर्च केला तो मायेनं केला, असंच कुणीही धरणार. रात्री दोनला कोण म्हणतो, ‘हे उसने समजा’? म्हणून नंतर वसुलीची भाषा टिकणं अवघड.

भावाभावांच्या वादात मात्र 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा लक्षात ठेवावा. त्यातल्या ‘निर्वाहा’त औषधोपचारही येतो, आणि जबाबदारी सज्ञान मुलगा-मुलगी दोघांवर आहे. स्वतःचं भागवू न शकणारे आईवडील प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणाकडं मागणी करू शकतात. जो जवळ राहतो त्यानंच सगळं बघावं, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही.

हायवेवरच्या अपघाताचं गणित वेगळं. जखमीला दवाखान्यात आणणाऱ्या वाटसरूकडं नोंदणीचे वा दाखल करण्याचे पैसे मागता येत नाहीत, असं केंद्राच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण त्या सूचनेत एक अपवाद आहे, आणणारा नातेवाईक असेल तर ही सूट नाही. मे 2025 पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, ती दवाखान्यात नक्की विचारा.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत ॲम्ब्युलन्सची ओळ शोधा. ‘आरोग्य संजीवनी’त दर भरतीमागं 2,000 रुपयांपर्यंत मिळतात. त्यासाठी पावती लागते, आणि आपल्याकडं ड्रायव्हरला पावती मागायला लोक लाजतात. रुग्णाचं नाव, गाडी नंबर, कुठून कुठं, तारीख आणि रक्कम एवढं कागदावर घ्या. भाडं ठरलं की भावंडांच्या ग्रुपवर आकडा टाकून ठेवा, तेव्हाच, नंतर नको. आणि राष्ट्रीय महामार्गावर रुग्णवाहिकेला टोल माफ असतो. बिलात कोगनोळी नाक्याचा टोल लावलेला दिसला, तर तो कशाचा ते विचारा.