गुडघा बदलल्यानंतरच्या वेदना आणि नर्व्ह ब्लॉक

घरात आजी-आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न असतो, "दुखेल किती?" या शस्त्रक्रिया आता आपल्या जळगाव-धुळ्यातही होतात. तेव्हा डॉक्टर 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात तो काय, ते समजून घेऊ.

निरोप वाटेतच अडवणे

इजा गुडघ्याला होते, पण वेदना जाणवते मेंदूला. हा निरोप चेतातंतूंमधून विजेच्या संकेतासारखा जातो. सोडियमचे आयन तंतूत शिरले की संकेत पुढे सरकतो. बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन ही औषधे सोडियमची ही दारे काही तास बंद ठेवतात. शेतात एका मोटारीचं काम असलं तर आपण तिचाच फ्यूज काढतो, गावाची वीज तोडत नाही. तसंच हे!

१८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. पुढे औषध थेट नसेजवळ देण्याची पद्धत आली. आज भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर नस बघत सुई नेतात.

जागा का महत्त्वाची?

जांघेजवळ फिमोरल नसेला ब्लॉक दिला तर वेदना कमी होते, पण मांडीचा पुढचा स्नायूही ढिला पडतो आणि पेशंट पडू शकतो. त्याऐवजी मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूने 'अ‍ॅडक्टर कॅनल ब्लॉक' दिला तर स्नायूची ताकद बरीचशी टिकते. लवकर चालायला लागलं की गुडघा आखडत नाही, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही कमी होतो. गुडघ्याच्या मागची बाजू मात्र दुसऱ्या नसांकडे असते. म्हणून सोबत गोळ्या लागतातच.

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं?

१. एका इंजेक्शनचा परिणाम साधारण १२ ते २४ तास राहतो. "आता काही दुखत नाही, गोळी कशाला?" असं आप्पा म्हणतील. ऐकू नका! असर उतरताना वेदना एकदम उसळते, बऱ्याचदा मध्यरात्री. ठरलेली गोळी ठरलेल्या वेळी द्या.

२. बाथरूमलाही एकट्याने उठू देऊ नका.

३. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.

४. कानात आवाज, तोंडाला धातूसारखी चव किंवा चक्कर आली तर लगेच सिस्टरांना बोलवा.

ब्लॉक वेदना कायमची घालवत नाही. पहिले, सर्वात अवघड तास तो सोपे करतो, पुढची काळजी मात्र आपल्यालाच घ्यायची असते.